प्रीमियर पद्मिनी आणि हिंदुस्थान अ‍ॅम्बेसेडर : तांत्रिक तपशील व प्रत्यक्ष कामगिरी – एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :

स्वातंत्र्योत्तर भारतातील मोटारवाहतुकीचा विचार करताना दोन गाड्यांची नावे अपरिहार्यपणे समोर येतात. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर ही एक, आणि मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, जी पुढे १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेली, ही दुसरी. साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत मोटार घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय कुटुंबाची निवड बव्हंशी या दोहोंपुरतीच मर्यादित होती. आज दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबलेले आहे आणि त्यांच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते ते मुख्यतः आठवणींच्या अंगाने. फियाट चपळ, अ‍ॅम्बेसेडर सुस्त. फियाट डॉक्टर-वकिलांची, अ‍ॅम्बेसेडर कलेक्टर-मंत्र्यांची. अशी काही सूत्रे रूढ झाली आहेत. ती सर्वस्वी खोटी आहेत असे नव्हे. परंतु ती आकड्यांच्या कसोटीवर क्वचितच घासून पाहिली जातात.

प्रस्तुत लेखात या दोन गाड्यांचे तांत्रिक तपशील समोरासमोर मांडून त्यांतून प्रत्यक्ष कामगिरीचा अर्थ कसा लावावा, याचे विवेचन केले आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की शक्ती, वजन व आकार यांचे परस्परप्रमाण पाहता या दोन गाड्या जवळजवळ एकच आहेत. ज्या वेगळेपणामुळे एक मुंबईची टॅक्सी झाली आणि दुसरी सरकारी वाहनतळावर स्थिरावली, ते वेगळेपण अश्वशक्तीच्या आकड्यात सापडत नाही. ते अन्यत्र शोधावे लागते. विषय यंत्रशास्त्राचा असला तरी विज्ञानेतर शाखांतील प्राध्यापकांनाही तो आकळावा म्हणून गणित कनिष्ठ महाविद्यालयीन पातळीच्या पुढे नेलेले नाही.

तुलनेसाठी पद्मिनीचे १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन आणि अ‍ॅम्बेसेडरचे १,४८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन गृहीत धरले आहे. नंतरच्या काळात आलेल्या डिझेल व इसुझू इंजिनांचा विचार स्वतंत्रपणे, थोडक्यात केला आहे.

पूर्वपीठिका :

दोन्ही गाड्या मूळच्या परदेशी. अ‍ॅम्बेसेडर ही ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली होती. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ साली बिर्ला समूहाने गुजरातमधील ओखा बंदर येथे केली आणि १९४८ मध्ये कारखाना उत्तरपाड्यास हलविला. तेथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेले अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन मे २०१४ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, मूळ आकारात फारसा बदल न होता चालू राहिले.

पद्मिनीचे मूळ इटलीत आहे. फियाट कंपनीने १९५३ साली जिनिव्हा येथील प्रदर्शनात ११०० मालिकेतील १०३ हे नवे मॉडेल सादर केले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ते १९५४ पासून कुर्ल्यात आणले. गोलसर अंगाच्या त्या पहिल्या गाडीला महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ हे नाव पडले व ते इतके रुळले की मालकही विनासंकोच वापरीत. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ हे चौकोनी बांध्याचे मॉडेल आले. तीच गाडी पुढे ‘प्रेसिडेंट’ व अखेरीस ‘पद्मिनी’ झाली.

या दोन गाड्या समोरासमोर आल्या त्या बाजारपेठेतील स्पर्धेतून नव्हे. १९५३ साली प्रशुल्क आयोगाच्या शिफारशीनंतर केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना भारतात वाव उरला नाही. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील काम आवरले. उरलेल्या मोटार उत्पादकांत हिंदुस्थान, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड हे तीनच महत्त्वाचे होते. उत्पादनक्षमता परवान्याने बांधलेली, आयात जवळपास बंद आणि १९६९ पासून किमतींवरही वैधानिक नियंत्रण. अशा स्थितीत ग्राहकाला निवडीपेक्षा प्रतीक्षाच अधिक करावी लागे. यामुळे एक गोष्ट घडली, जी अभ्यासकाच्या दृष्टीने सोयीची आहे : पन्नाशीच्या दशकातील दोन आराखडे पुढील तीस-चाळीस वर्षे गोठून राहिले. तुलना करताना दरवर्षी बदलणाऱ्या मॉडेलांचा गोंधळ येथे फारसा नाही.

तांत्रिक तपशील :

उत्पादकांनी प्रसिद्ध केलेले प्रमुख आकडे तक्ता क्र. १ मध्ये दिले आहेत. मॉडेलपरत्वे त्यांत किरकोळ फरक आढळतो. म्हणून ते स्थूलमानाने घ्यावेत.

तक्ता क्र. १
घटक – पद्मिनी – अ‍ॅम्बेसेडर
इंजिनक्षमता (घनसेंमी) – १,०८९ – १,४८९
सिलिंडरचा व्यास × दट्ट्याची धाव (मिमी) – ६८ × ७५ – ७३ × ८८.९
कमाल शक्ती (अश्वशक्ती) – ४० – सुमारे ५०
कमाल टॉर्क (न्यूटन-मीटर) – ७१ – सुमारे १००
लांबी (मिमी) – ३,९३० – ४,३२५
रुंदी (मिमी) – १,४६० – १,६६२
उंची (मिमी) – १,४६८ – १,५९३
दोन आसांतील अंतर (मिमी) – २,३४० – २,४६४
रिकाम्या गाडीचे वजन (किलोग्रॅम) – ८९५ – सुमारे १,११०
चाकाचा व्यास (इंच) – १४ – १५

दोहोंचे सामाईक गुणधर्म आधी नोंदवू. दोन्हींना चार सिलिंडर, इंजिन पुढे व गती मागच्या चाकांना, चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मागे पाटे. पुढच्या बाजूस मात्र पद्मिनीला गुंडाळी स्प्रिंग, तर अ‍ॅम्बेसेडरला पिळला जाणारा पोलादी दांडा म्हणजे टॉर्शन बार. दोन्ही गाड्यांना वेगळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडा हाच भार पेलतो.

आता तक्त्यातील आकड्यांची गुणोत्तरे काढून पाहू. अ‍ॅम्बेसेडरचे वजन पद्मिनीच्या १.२४ पट आहे. रुंदी व उंची यांचा गुणाकार, म्हणजे वाऱ्याला अडवणाऱ्या समोरच्या क्षेत्रफळाचे ढोबळ माप, १.२४ पट आहे. रस्त्यावर व्यापलेली जागा १.२५ पट आहे. आणि शक्तीही १.२५ पट आहे. चारही गुणोत्तरे एका ठिकाणी येऊन मिळावीत हा काहीसा योगायोग आहे, हे मान्य. परंतु त्याचा परिणाम योगायोगाचा नाही. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे सव्वापट केलेली पद्मिनी, असे या मर्यादित अर्थाने म्हणता येते. दर टन वजनामागे पद्मिनीला ४४.७ आणि अ‍ॅम्बेसेडरला ४५ अश्वशक्ती मिळते. ‘चपळ’ आणि ‘सुस्त’ या विशेषणांना या आकड्यांत आधार सापडत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. अ‍ॅम्बेसेडरची शक्ती काही ठिकाणी ५५ अश्वशक्ती अशी दिलेली आढळते, मग ५० का धरावी? याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. त्या काळी इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा, सायलेन्सर इत्यादी उपांगे न जोडता तपासले तर येणारा आकडा एक, आणि उपांगांसह तपासले तर येणारा आकडा दुसरा. जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा छापला जाई. शिवाय इंजिनातील संपीडनाचे प्रमाण कमी-अधिक असले की शक्ती बदलते. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर इंजिन ‘नॉक’ करू नये म्हणून हे प्रमाण कमी ठेवावे लागे. तथापि ५५ हा आकडा स्वीकारला तरी चित्र किती बदलते, हे पुढील भागात दिसेल.

कमाल वेगाचा प्रश्न :

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या गाडीची बहुतांश शक्ती हवा दूर सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग असल्यामुळे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा व्यावहारिक अर्थ असा की वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट हवी. उलट बाजूने पाहिले तर शक्ती १० टक्क्यांनी वाढवून कमाल वेगात जेमतेम ३ टक्के भर पडते.

हे सूत्र आपल्या दोन गाड्यांना लावू. शक्तीचे गुणोत्तर १.२५ आणि समोरच्या क्षेत्रफळाचे १.२४, म्हणजे कमाल वेग समान असावयास हवा. अ‍ॅम्बेसेडरला ५५ अश्वशक्ती बहाल केली तरी फरक सुमारे साडेतीन टक्के, म्हणजे ताशी चार किलोमीटर एवढाच पडतो. प्रत्यक्ष मोजणीशी हे जुळते काय? ब्रिटनमधील ‘द मोटर’ या नियतकालिकाने १९५४ साली याच १,४८९ घनसेंटिमीटर इंजिनाच्या मॉरिस ऑक्सफर्डची (दुसरी मालिका) चाचणी घेतली होती. तीत कमाल वेग ताशी ७४.२ मैल, म्हणजे सुमारे ११९ किलोमीटर आढळला. फियाटच्या १०३ मॉडेलचा, ज्याचे इंजिन तेव्हा ३६ अश्वशक्तीचे होते, कमाल वेग ताशी ११६ किलोमीटर सांगितला जाई. पद्मिनीतील ४० अश्वशक्ती हिशेबात घेतली तर घनाच्या नियमानुसार तो १२० च्या आसपास जातो. दोन्ही गाड्या कागदावर एकमेकींच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात.

त्याच चाचणीत ताशी शून्यापासून ६० मैलांपर्यंत, म्हणजे ९७ किलोमीटरपर्यंत, पोहोचण्यास ऑक्सफर्डला २८.९ सेकंद लागले होते. आजच्या साध्या हॅचबॅकला यासाठी साधारण निम्मा वेळ पुरतो. वजनामागील शक्ती समान असल्याने पद्मिनीकडून याहून फार वेगळी अपेक्षा करता येत नाही. असे असताना पद्मिनी चालविणाऱ्याला ती चपळ का वाटे? माझ्या मते याचे उत्तर गाडीच्या मापांत आहे. वीस सेंटिमीटर कमी रुंदी आणि चाळीस सेंटिमीटर कमी लांबी असलेली गाडी गर्दीतील फटीत शिरते, कमी जागेत वळते. चालकाला जाणवते ती ही मोकळीक, आणि तिला तो वेग असे नाव देतो.

टॉर्क, भार आणि घाट :

आतापर्यंतच्या विवेचनात एक आकडा बाजूला ठेवला होता. इंजिनक्षमतेचे गुणोत्तर १.२५ नाही, ते १.३७ आहे. टॉर्कचे गुणोत्तर तर १.४ च्या घरात जाते. या दोन गाड्यांतील खरा भेद येथे आहे, म्हणून या मुद्द्याचा विस्तार करणे आवश्यक वाटते.

टॉर्क म्हणजे इंजिनाचा आस फिरविण्याचा जोर. विहिरीचा रहाट फिरविणारा माणूस दांड्यावर किती जोर लावतो, हा टॉर्क. आणि त्या जोराने तो मिनिटाला किती फेरे घेतो, हे दोन्ही मिळून शक्ती. एकच शक्ती दोन प्रकारे मिळू शकते : कमी जोर व जास्त फेरे, अथवा जास्त जोर व कमी फेरे. पद्मिनीचे इंजिन आपली ४० अश्वशक्ती मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवर देते. अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन कमाल शक्ती सुमारे ४,२०० फेऱ्यांवर देते. गंमत अशी की दोन्ही इंजिनांतील दट्ट्याचा सरासरी वेग काढला तर तो अनुक्रमे सेकंदाला १२ आणि १२.४ मीटर येतो. दट्ट्याला यापुढे दामटणे त्या काळच्या धातूंना व वंगणाला सोसवणारे नव्हते. म्हणजे दोन्ही आराखडे एकाच मर्यादेला जाऊन टेकले होते. इटालियन अभियंत्यांनी आखूड धाव व जास्त फेरे पत्करले, इंग्रजांनी लांब धाव व कमी फेरे.

कमाल टॉर्क कोठे मिळतो हेही पाहिले पाहिजे. पद्मिनीत तो ३,००० फेऱ्यांवर मिळतो. ऑक्सफर्डच्या इंजिनात तो सुमारे २,४०० फेऱ्यांवर मिळत असे. खालच्या फेऱ्यांवर जास्त जोर असल्यामुळे अ‍ॅम्बेसेडरचा चालक तिसऱ्या गिअरमध्येच रेंगाळू शकतो. पद्मिनीच्या चालकाला अशा वेळी दुसरा गिअर टाकून इंजिनाचे फेरे वाढवावे लागतात.

भार वाढला की हा भेद अधिक ठळक होतो. पाच माणसे आणि लग्नकार्याचे सामान मिळून ४०० किलोग्रॅम भार धरू. भारित पद्मिनी १,२९५ किलोग्रॅमची होते, तर अ‍ॅम्बेसेडर १,५१० किलोग्रॅमची. तेवढाच भार हलक्या गाडीला अधिक जाचतो, हे उघड आहे. रिकाम्या स्थितीत दर टनामागील टॉर्क पद्मिनीत ७९ आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये ९० न्यूटन-मीटर होता, म्हणजे फरक सुमारे १४ टक्के. भारित स्थितीत हेच आकडे ५५ आणि ६६ होतात. फरक २० टक्क्यांवर जातो. गिअरांची गुणोत्तरे व चाकाचा व्यास यांमुळे चाकापाशी पोहोचणारा जोर यापेक्षा वेगळा असतो. इंजिनापाशी असलेली आघाडी त्याने कमी-जास्त होऊ शकते, पण भार वाढेल तशी हलक्या गाडीची ओढाताण अधिक होते, हा कल बदलत नाही.

मुंबई-पुणे जुन्या मार्गावरील बोरघाट हे याचे उत्तम उदाहरण आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत गाडीला सुमारे ५०० मीटर उंची चढावी लागते. भारित अ‍ॅम्बेसेडर तेवढी वर उचलण्यासाठी ७४ लाख ज्यूल, तर भारित पद्मिनी उचलण्यासाठी सुमारे ६४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. ही केवळ उपयुक्त ऊर्जा. पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण पंचमांश कामास येतो असे धरले तर याच्या चौपट उष्णता इंजिन, रेडिएटर आणि धुराड्यातून बाहेर पडावयास हवी. गाडी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने चढत असताना रेडिएटरवर समोरून येणारा वारा नाममात्र असतो. थंड करण्याचा सारा भार पंख्यावर पडतो आणि पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि पाण्याचा डबा घेऊन धावणारे प्रवासी हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यामागील हिशेब एवढाच आहे, हे ध्यानात येईल. उतरताना हीच ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णतारूपाने साठते. बंदिस्त ड्रम लवकर निवत नाही, तापल्यावर पकड सुटते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक पदार्थविज्ञानाला धरूनच होता.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्यांचे दौरे करणारे अधिकारी, त्यांच्यासोबत शिपाई, कारकून, दप्तराचे गठ्ठे. अशा वापरासाठी अ‍ॅम्बेसेडर अधिक पसंत का पडली, याचे एक कारण या भाराच्या गणितात आहे. मागील आसनाची ऐसपैस रुंदी व पंधरा इंची चाके ही अन्य कारणे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते, आणि कच्च्या रस्त्यावर गाडीचे पोट दगडाला लागण्याचा धोकाही त्यामुळे घटतो. अर्थात सरकारी खरेदीचे निर्णय केवळ यंत्रशास्त्रावर होत नसतात, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

शहरातील चित्र :

मुंबईसारख्या शहरात हे गणित उलटते. तेथे चढ नाहीत, पूर्ण भार क्वचित, आणि वेग ताशी तीस-चाळीसच्या पुढे जात नाही. तेथे महत्त्वाचे ठरते ते सुरू होणे व थांबणे. गाडी प्रत्येक सिग्नलला थांबते तेव्हा तिच्या गतीतील सर्व ऊर्जा ब्रेकमध्ये वाया जाते. चालक व दोन उतारू धरून पद्मिनी साधारण १,१०० आणि अ‍ॅम्बेसेडर १,३१० किलोग्रॅमची होते. ताशी ४० किलोमीटर वेगावरून थांबताना पद्मिनी सुमारे ६८ हजार आणि अ‍ॅम्बेसेडर ८१ हजार ज्यूल ऊर्जा गमावते. फरक १३ हजार ज्यूलचा. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असते. तिच्यापैकी पंचमांश चाकांपर्यंत पोहोचते असे धरल्यास सुमारे ५०० वेळा थांबण्यामागे एक लिटर पेट्रोलचा फरक पडतो. दिवसपाळीत शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणाऱ्या टॅक्सीला दर किलोमीटरला चार वेळा थांबावे लागत असेल तर हा आकडा रोजचाच आहे. भाड्याने गाडी घेऊन चालविणाऱ्या टॅक्सीचालकासाठी रोजचे एक लिटर ही क्षुल्लक बाब नव्हती. ती त्याच्या संध्याकाळच्या हिशेबात थेट उतरत असे.

एकूण इंधनखर्चाबाबतही असाच अंदाज बांधता येतो. ‘द मोटर’च्या उपरोक्त चाचणीत ऑक्सफर्डने गॅलनमागे २८.२ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे १० किलोमीटर दिले. वजन व क्षेत्रफळ दोन्ही सव्वापटीने कमी असलेल्या गाडीने त्याच परिस्थितीत १२ च्या पुढे द्यावेत. ही मोजणी नव्हे, अनुमान आहे. परंतु पद्मिनीच्या किफायतशीरपणाविषयीचा लोकप्रवाद त्याच्याशी सुसंगत आहे.

तरीही मुंबईत पद्मिनी आणि कोलकात्यात अ‍ॅम्बेसेडर, ही वाटणी केवळ लिटरच्या हिशेबाने झाली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कोलकात्यातही सिग्नल होतेच. तेथील पिवळ्या टॅक्सीचा कारखाना हुगळीकाठी शहरालगतच होता, तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा कारखाना कुर्ल्यात, शहराच्या आतच. कारखान्याभोवती सुट्या भागांचे पुरवठादार, जुने भाग विकणारी दुकाने, लेथवाले आणि मिस्त्री यांचे जाळे विणले जाते. हे जाळे हाही कामगिरीचाच भाग मानला पाहिजे, असे मला वाटते. टॅक्सी वर्षातून किती दिवस रस्त्यावर उभी राहते, हे तिच्या अश्वशक्तीपेक्षा बिघडलेला भाग किती तासांत मिळतो यावर अधिक ठरते.

दुरुस्तीक्षमता :

या बाबतीत दोन्ही गाड्यांना झुकते माप द्यावे लागते. दोन्हींची इंजिने ओतीव लोखंडाच्या ठोकळ्याची. सिलिंडर झिजला की तो लेथवर मोठा करून म्हणजे ‘बोअर’ करून किंचित मोठ्या मापाचे पिस्टन बसवावयाचे, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. गॅरेजच्या भाषेतील ‘हाफ इंजिन’ व ‘फुल इंजिन’ हे शब्द या गाड्यांच्या मालकांना तोंडपाठ असत. बॉनेट उघडले की मिस्त्रीचा हात सर्वत्र पोहोचेल एवढी जागा, कार्बोरेटर व डिस्ट्रिब्युटर डोळ्यांसमोर, पाने-पकडीच्या पलीकडे विशेष हत्यार नको. या सोयीची दुसरी बाजू अशी की या गाड्यांना दुरुस्तीही वारंवार लागे. प्लग साफ करणे, पॉइंटमधील फट जुळविणे, ग्रीस भरणे ही कामे आजच्या मालकाला ठाऊकही नसतात.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, गती पुढच्या चाकांना, वजन सुमारे ६५० किलोग्रॅम. शक्ती पद्मिनीपेक्षाही किंचित कमी, पण दर टनामागे ती ५५ च्या पुढे गेली. शक्ती न वाढविता वजन घटविणे हा मार्ग पद्मिनी व अ‍ॅम्बेसेडर या दोहोंना उपलब्ध नव्हता. कारण त्यांचा पत्राच पन्नाशीच्या दशकातला होता.

नंतरचे फेरफार :

दोन्ही कंपन्यांनी उत्तर दिले ते इंजिन बदलून. अ‍ॅम्बेसेडरमध्ये १९८० च्या सुमारास डिझेल इंजिन आले. त्याची शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती, म्हणजे दर टनामागे ३३. कामगिरीच्या रूढ अर्थाने ही पीछेहाट होती, तरी ती गाडी खपली. डिझेलचा भाव पेट्रोलपेक्षा कमी होता आणि भाड्याने चालणाऱ्या गाडीला तेवढे कारण पुरेसे होते. पुढे १९९० च्या दशकात इसुझूचे १,८१७ घनसेंटिमीटर क्षमतेचे, सुमारे ७५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन व पाच गिअर असलेली अ‍ॅम्बेसेडर आली. तिने वजनामागील शक्तीचा आकडा ६५ च्या घरात नेला. सांगाडा मात्र ५० अश्वशक्तीच्या काळातलाच राहिला. पद्मिनीलाही त्या दशकात १,३६६ घनसेंटिमीटरचे इटालियन डिझेल इंजिन मिळाले. मुंबईतील टॅक्सींनी पुढे सीएनजी स्वीकारला, तेव्हा गॅसच्या टाकीने डिकी व्यापली आणि उतारूंचे सामान छतावरील कॅरिअरवर गेले.

नोंदींचा प्रश्न :

मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावर राहिली नाही. एक तरी गाडी जतन करावी अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने त्यापूर्वी शासनाकडे केली होती.

त्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अनेक वृत्तांतांत १९६४ ची फियाट डिलाइट ही ‘१२०० सीसी’ची गाडी असल्याचा उल्लेख आहे. १,२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन इटलीतील ११०० डी या गाडीला होते. कुर्ल्यात तयार झालेल्या गाडीने १,०८९ चेच इंजिन अखेरपर्यंत वापरले. शंका असल्यास ६८ मिलिमीटर व्यास व ७५ मिलिमीटर धाव यांवरून आकारमान काढून पाहावे. उत्तर १,०८९ येते. जी गाडी कालपर्यंत हजारोंच्या संख्येने शहरात धावत होती तिच्याविषयी एवढा साधा आकडा चुकीचा रूढ होत असेल, तर गिअरांची गुणोत्तरे, वळणाची त्रिज्या, भारित स्थितीतील ब्रेकचे अंतर यांसारख्या तपशिलांची काय गत होईल, याची कल्पना करता येते.

खाजगी मालकांकडे आजही चालू स्थितीतील पद्मिनी व अ‍ॅम्बेसेडर आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वाहनप्रयोगशाळांत त्यांची रीतसर मोजणी करता येण्याजोगी आहे. चाकापाशी मिळणारी शक्ती रोलरवर, इंधनखर्च मोजपात्राने आणि हवेचा विरोध सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून वेग किती सेकंदांत घटतो यावरून काढता येतो. शेवटच्या प्रयोगाला मोबाइल फोन, मोजपट्टी व एक मोकळा रस्ता एवढेच साहित्य लागते, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी तो एका सकाळी पूर्ण करू शकतात.